घासाचा हिशेब आणि इन्शुलिनची मात्रा

संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात राजा पसेनदीची एक गोष्ट आली आहे. राजा एका वेळेला द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा तो असाच भरपेट जेवून, धापा टाकीत भगवंतांच्या भेटीस आला. भगवंतांनी त्याला अन्नाची मात्रा जाणून जेवणाऱ्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. त्याने ती गाथा पाठ करून राजाच्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणावी आणि त्याबद्दल रोज शंभर कार्षापण घ्यावेत, असे ठरले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर तांदळावर आला व शरीर हलके झाले. पाली साहित्यात या गुणाला ‘भोजने मत्तञ्ञुता’, म्हणजे जेवणातील मात्रा ओळखणे, असे म्हटले आहे.

ही गोष्ट आम्ही सुरुवातीलाच सांगितली, याला कारण आहे. आमच्या नात्यातील एका मुलीला वयाच्या नवव्या वर्षी मधुमेह झाला आणि तिच्या निमित्ताने तिच्या आईवडिलांबरोबर आम्हीही मात्रा मोजण्याची ही विद्या शिकलो. मात्र पसेनदीचे दुखणे आणि या मुलीचे दुखणे यांत एक मोठा फरक आहे आणि तो आधी स्पष्ट केला पाहिजे. राजाचे दुखणे अतिखाण्याचे होते. मुलीचे तसे नाही. तिने गोड जास्त खाल्ले म्हणून, आईने लाड केले म्हणून किंवा घराण्यात काही दोष आहे म्हणून हा आजार झालेला नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, याला पहिल्या प्रकारचा मधुमेह (टाईप वन) म्हणतात. बहुधा तो लहानपणी किंवा तरुणपणी उघडकीस येतो. भरपूर लघवी, न भागणारी तहान, खाऊनही उतरणारे वजन ही त्याची लक्षणे. चांगले मोठे मूल अचानक अंथरूण ओले करू लागले, तर त्याला रागावण्याआधी त्याची रक्तशर्करा तपासून घ्यावी.

परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता व त्यांना इन्शुलिन घ्यावे लागे, हे आपण सर्व जाणतो. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह ज्यांच्याशी झाला, त्या डॉ. सविता आंबेडकर स्वतः डॉक्टर होत्या व त्यांच्या पथ्यपाण्याची आणि इंजेक्शनांची काळजी त्या घेत. बाबासाहेबांचा आजार प्रौढ वयात जडलेला होता. लहान मुलांचा हा प्रकार त्याहून निराळा. मोठ्यांच्या मधुमेहात गोळ्या, पथ्य, चालणे यांवर बरेच भागते. या मुलांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून ते बाहेरून रोज आणि जन्मभर द्यावे लागते. याला दुसरा पर्याय आज तरी नाही.

इन्शुलिन मिळण्यापूर्वी काय होत असे, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. या मुलांना डॉक्टर उपाशी ठेवीत. अन्न कमी दिले की मूल काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे जास्त जगे. हाडांचा सापळा होऊन जगे, एवढेच. कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ साली इन्शुलिन वेगळे केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. ते औषध पुरेसे शुद्ध नव्हते. कॉलिप यांनी ते अधिक शुद्ध केल्यावर त्याच महिन्याच्या २३ तारखेला पुन्हा दिले आणि मुलाची रक्तशर्करा खाली आली. शोधकर्त्यांनी १९२३ साली या शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एक-एक डॉलरला देऊन टाकले.

म्हणजे उपाशी ठेवण्याचा उपचार संपून शंभर वर्षे उलटली. परंतु आपल्या घरांतून तो अजून संपलेला नाही. लग्नात, बारशात, बुद्धपौर्णिमेच्या खीरदानात हे मूल पंगतीला बसले की कोणी ना कोणी म्हणतेच, “तुला नाही बेटा, तुला शुगर आहे.” म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. पण ते मूल मग कोपऱ्यात जाऊन चोरून खाते, आणि चोरून खाल्लेल्याचे इन्शुलिन कोणी देत नाही! आमचे म्हणणे असे की, मुलाला जेवण नाकारण्याऐवजी त्या जेवणाचा हिशेब मांडावा व त्याप्रमाणे इन्शुलिन द्यावे. खानदेशातील कोणत्याही स्वयंपाकघरात हा हिशेब होऊ शकतो. सातवीपर्यंतचे गणित त्यास पुरते.

अन्नातील रक्तशर्करा मुख्यतः वाढविणारा घटक म्हणजे कर्बोदके. धान्य, डाळी, कंदमुळे, फळे, दूध, साखर व गूळ यांत ती असतात. अंडी, मांस, मासे, तेल, तूप यांत ती नाहीत किंवा नगण्य असतात. पालेभाज्यांत फारच थोडी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची सारणी प्रसिद्ध केली आहे. तिच्या आधाराने शंभर ग्रॅम कोरड्या पदार्थातील कर्बोदके अशी धरावीत: ज्वारी सुमारे ६८ ग्रॅम, बाजरी ६२, गव्हाचे पीठ ६४, तांदूळ ७८, तूरडाळ ५५. येथे एक गैरसमज आपोआप दूर होतो. “भाकरी चालते, पोळी चालत नाही” असे आपल्याकडे सर्रास सांगतात. ग्रॅमला ग्रॅम पाहिले तर ज्वारी गव्हाच्या खाली नाही, थोडी वरच आहे. पोळी एवढीशी आणि भाकरी ताटभर, मग भाकरी जास्त ‘चालते’ कशी?

भाकरीचे वजन करून उपयोग नाही, कारण तिच्यात पाणी असते आणि ते तव्यावर कमीअधिक उडते. वजन पिठाचे करावे. परातीत पीठ घेण्यापूर्वी काट्यावर मोजावे, भाकरी किती झाल्या ते मोजावे आणि भागाकार करावा. अर्धा किलो पिठाच्या सात भाकरी झाल्या, तर एकीत सुमारे ७१ ग्रॅम पीठ व ४८ ग्रॅम कर्बोदके. आठवडाभर असे मोजले की आईच्या हाताला अंदाज बसतो. मग काटा रोज लागत नाही, महिन्यातून एकदा पडताळा घेतला की पुरे. आमच्या नात्यातील त्या मुलीची आई तिच्यासाठी साठ ग्रॅम पिठाची लहान भाकरी वेगळी थापते. कळण्याची भाकरी असेल तर चार भाग ज्वारीला एक भाग उडीद धरून साठ ग्रॅम पिठात सुमारे ३८ ग्रॅम कर्बोदके येतात.

भाजीकडे आता वळू. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मधुमेही मुलांच्या दृष्टीनेही हे वांगे गुणाचे. भरिताच्या वाटीत वांगे, कांद्याची पात व थोडे शेंगदाणे धरून सात-आठ ग्रॅमच्या वर कर्बोदके जात नाहीत. शेवभाजी मात्र फसवी. ती भाजी म्हणून वाढली जाते, पण शेव बेसनाची. तीस ग्रॅम शेव पडली की १३ ते १५ ग्रॅम कर्बोदके झाली. घट्ट वरणाच्या वाटीत तीस ग्रॅम डाळ असेल तर १६ ग्रॅम. शिजलेल्या भाताची सपाट वाटी, म्हणजे शंभर ग्रॅम, सुमारे २६. बट्टी पिठाच्या वजनावरून मोजावी. तिच्यावरील तुपाचा विचार पुढे येईल.

केळ्याचे काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. सोललेल्या शंभर ग्रॅम केळ्यात २३ ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात. आपल्याकडचे भरलेले केळे सोलून सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरते, म्हणजे ३० ते ३५ ग्रॅम. अर्धे केळे मोजून देता येते. बाजारातील ‘शुगर फ्री’ बिस्किटाला मात्र भुलू नये. साखर नसली तरी मैदा आहेच, आणि मैद्याचीच रक्तात साखर होते.

आता इन्शुलिनचा भाग. निरोगी शरीर दोन प्रकारे इन्शुलिन सोडते: दिवसरात्र थोडे थोडे, आणि जेवणाच्या वेळी एकदम जास्त. त्याची नक्कल म्हणून दीर्घकाळ चालणारे इन्शुलिन दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि जलद काम करणारे प्रत्येक जेवणाआधी देतात. जेवणाआधीची मात्रा दोन गोष्टींवरून ठरते. एक, ताटात किती कर्बोदके आहेत. दोन, जेवणाआधी रक्तशर्करा किती आहे. एक युनिट किती ग्रॅम कर्बोदकांना पुरते, हे डॉक्टर प्रत्येक रुग्णापुरते ठरवून देतात. प्राथमिक अंदाजासाठी ५०० या आकड्याला दिवसभराच्या एकूण युनिटांनी भागतात. त्याचप्रमाणे १८०० ला भागले की एक युनिट रक्तशर्करा किती मिलिग्रॅमने उतरवते, त्याचा अंदाज येतो. हे आकडे जलद इन्शुलिनसाठी आहेत. जुन्या साध्या (रेग्युलर) इन्शुलिनसाठी बहुधा ४५० व १५०० घेतात, आणि ते जेवणाच्या अर्धा तास आधी टोचावे लागते.

उदाहरण बुद्धपौर्णिमेचे घेऊ. बारा वर्षांच्या मुलाला दिवसभरात एकूण ३० युनिट लागतात. ५०० ला ३० ने भागून साधारण १७ येतात. समजा डॉक्टरांनी त्याचा अनुभव पाहून १५ ग्रॅमला एक युनिट असे ठरवले. १८०० ला ३० ने भागून ६०, म्हणजे एक युनिट ६० मिलिग्रॅम उतरवील. जेवणाआधीचे लक्ष्य १२० दिले आहे. ताटात कळण्याची लहान भाकरी ३८ ग्रॅम, भरीत ७ ग्रॅम. खिरीच्या वाटीत १२० मिलिलिटर दूध (६ ग्रॅम), दहा ग्रॅम तांदूळ (८ ग्रॅम) व तीन चमचे साखर (१५ ग्रॅम) मिळून २९. सोयीसाठी ३० धरू. बेरीज ७५. भागिले १५, म्हणजे पाच युनिट. जेवणाआधीची शर्करा २१० निघाली. लक्ष्यापेक्षा ९० जास्त. भागिले ६०, म्हणजे दीड युनिट. एकूण साडेसहा. अर्धा युनिट देणारे पेन नसेल व मूल जेवून खेळायला जाणार असेल तर सहा द्यावे, कारण खेळानेही शर्करा उतरते. खीर नको असेल तर दोन युनिट वजा. खीर खायची की नाही हे त्या मुलाने ठरवावे.

याच संदर्भात मंडळास आमची एक विनंती आहे. खीरदानाच्या पातेल्याशेजारी एक पाटी लावून दूध, तांदूळ व साखर किती घातली आणि त्यात किती वाट्या झाल्या, एवढे खडूने लिहावे. बाकी गणित मूल करून घेईल.

परंतु हे गणित सर्वांना जसेच्या तसे लागू करता येत नाही. परवडत नाही म्हणून पुष्कळ मुले आजही तयार मिश्रणाचे (३०/७०) इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ घेतात. त्यात जलद व लांब पल्ल्याचे इन्शुलिन एकाच बाटलीत असल्याने एकट्या जेवणासाठी मात्रा बदलता येत नाही. बदलली तर दुसरा भागही बदलतो. अशा मुलांनी हिशेब उलट बाजूने वापरावा: रोज ठरलेल्या वेळी ठरलेली कर्बोदके घ्यावीत, पदार्थ बदलला तरी बेरीज बदलू देऊ नये. भाकरीऐवजी भात घेतला तर तेवढ्याच ग्रॅमचा घ्यावा. पद्धत बदलून घ्यायची असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आणखी दोन खाचखळगे. जेवणानंतर दोन तासांनी शर्करा जास्त दिसली म्हणून लगेच वाढीव मात्रा देऊ नये. पहिले इंजेक्शन अजून काम करीत असते आणि दोन्हींचा मारा एकदम होतो. तसेच तुपातली बट्टी किंवा तूप घातलेली पुरणपोळी यांची शर्करा उशिरा चढते. दोन तासांनी ठीक दिसते आणि झोपताना तीनशेवर जाते. अशा दिवशी रात्री एक तपासणी जास्त करावी. हे सारे वहीत मांडले पाहिजे: वेळ, शर्करा, ताटातील ग्रॅम, युनिट, खेळ किंवा आजार. डॉक्टरांना ही वही दाखवली की प्रमाण कोठे चुकते ते त्यांना दिसते. आमचा जन्म खतावणीत गेला म्हणून म्हणत नाही, पण नोंद नसेल तर हिशेब जुळत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर १९८३ पासून झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. शर्करा काटेकोर सांभाळणाऱ्यांत, ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंड व मज्जातंतूंचे विकारही बरेच घटले. त्याच अभ्यासात असेही दिसले की काटेकोर उपचारात शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट होतात. दोन्ही बाजू लक्षात ठेवल्या पाहिजेत.

रक्तशर्करा ७० च्या खाली गेली की हात कापतात, घाम फुटतो, भूक लागते, मूल चिडचिड करते किंवा बरळते. त्या वेळी तीन चमचे साखर, म्हणजे १५ ग्रॅम, पाण्यातून द्यावी (लहान मुलाला दोन चमचे), पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व कमीच असेल तर पुन्हा द्यावी. चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा लागते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नये, कुशीवर निजवून तत्काळ दवाखाना गाठावा. शाळेत शिक्षकांना हे आधीच सांगून ठेवावे. परीक्षेच्या खोलीत साखर व खाऊ जवळ बाळगण्याची मुभा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली या मुलांना दिली. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी मुख्याध्यापकांकडे वैद्यकीय दाखल्यासह वेळेवर अर्ज करावा.

येथे उपोसथाचा प्रश्न येतो. वर्षावासात व पौर्णिमेस आपल्या विहारांतून मुलेही अष्टशील ग्रहण करतात, आणि सहावे शील विकाल भोजनापासून विरत राहण्याचे आहे. मधुमेही मुलाने दुपारनंतर शर्करा उतरली तर काय करावे? विनयपिटकातील महावग्गात, भेसज्जक्खंधकात, याचे उत्तर सापडते. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध व फाणित ही पाच भेसज्जे भगवंतांनी अवेळीही घेण्यास अनुज्ञा दिली. फाणित म्हणजे उसाची काकवी. मध आणि काकवी! शर्करा उतरली असता जे हवे, नेमके तेच. त्यामुळे साखरेचे पाणी पिऊन शील मोडले अशी भीती मुलाने बाळगू नये, कोणी घालूही नये. मिश्रणाचे इन्शुलिन घेणाऱ्या मुलाने तर संध्याकाळचे जेवण सोडूच नये. त्याने पंचशील पाळावे.

उलट बाजूची चूक याहून घातक. ताप आला, उलट्या होतात, मूल जेवत नाही, मग इन्शुलिन कशाला, असे घरोघरी वाटते. आजारात शर्करा न जेवताही चढते. इन्शुलिन पूर्ण बंद झाले की शरीर चरबी जाळू लागते व रक्तात आम्ल साठते. पोटात दुखणे, उलट्या, खोल व जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास ही त्याची चिन्हे. पुष्कळदा पोट बिघडले समजून, कधी बाहेरची बाधा समजून दिवस घालवला जातो, आणि दोन-तीन दिवसांत मूल हाताबाहेर जाते. जडीबुटीवाला जेव्हा “आधी सुई बंद करा” म्हणतो, तेव्हा तो याच वाटेने नेत असतो. भूत उतरवणारा आणि सुई सोडवणारा यांत आम्ही फरक करीत नाही. आजारपणात मात्रा किती ते डॉक्टरांना विचारावे, पण लांब पल्ल्याचे इन्शुलिन थांबवू नये. दीक्षाभूमी किंवा सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना इन्शुलिन, सुया, तपासणी यंत्र व साखरेच्या पुड्या अंगावरील पिशवीत ठेवाव्यात. गर्दीत सामान एका डब्यात आणि माणसे दुसऱ्या डब्यात होतात.

सिरिंज विकत घेताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. आपल्याकडे बाटलीतील इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनच्या काडतुसातील १०० युनिटचे. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. काडतुसातील औषध चाळीसच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत ओढले तर दहाऐवजी पंचवीस युनिट जातील. बाटलीतील औषध शंभरच्या सिरिंजने ओढले तर दहाऐवजी चारच.

शेवटी साठवण. न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेले वाया जाते. वापरातील बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो व घरातील फडताळही तापते. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर एका मोठ्या माठात लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवावी, बाटली कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी व वर ओले फडके टाकावे. हा माठ वाऱ्याच्या जागी, सावलीत हवा. वाळूवर पाणी सकाळ-संध्याकाळ घालावे लागते. त्यासाठी घरातील एकाचे नाव ठरवून ठेवावे.